तेच पाणी, रोज नवं : जलतरण तलावाच्या शॉक-उपचारांविषयी

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. दोन दिवसांआड, तीन दिवसांआड, उन्हाळ्यात कधी त्याहूनही उशिरा, असं वेळापत्रक घराघरांत तोंडपाठ असतं. उजनी धरण इथून सुमारे शंभर किलोमीटरवर, टाकळीचा उपसा भीमेच्या पात्रावर अवलंबून आणि हिप्परग्याचा तलाव पावसाच्या मर्जीवर. याच शहरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांना टेकतो आणि सकाळच्या बॅचला जलतरण तलावांच्या फाटकाशी मुलांची झुंबड उडते. मार्कंडेय जलतरण तलावासारख्या ठिकाणी पोहण्याबरोबर डायव्हिंगही घटवून घेतलं जातं. त्याशिवाय हॉटेलं, शाळा, सोसायट्या आणि शहराबाहेरची फार्महाऊसं यांचे लहानमोठे तलाव आहेतच.

आता एक हिशेब करू. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी १.८ मीटर खोल तलावात सुमारे ५ लाख ६२ हजार लिटर पाणी मावतं. दहा हजार लिटरच्या टँकरने भरायचं म्हटलं तर छप्पन्न खेपा. म्हणजे एकदा भरलेलं पाणी हंगामभर तेच राहणार, त्यात शेकडो माणसं उतरणार आणि तरीही दर सकाळी ते पहिल्या दिवसासारखं असायला हवं. तेच पाणी रोज नवं करण्याची ही विद्या आहे, आणि शॉक-उपचार, म्हणजे एरवीच्या कितीतरी पट क्लोरीन एकाच वेळी देणं, हा तिचा सर्वांत जास्त वापरला जाणारा, पण सर्वांत कमी समजून घेतलेला भाग. या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाचं, मग तो तलावावरचा ऑपरेटर असो, सोसायटीचा सेक्रेटरी असो, पोहण्याचा प्रशिक्षक असो की रसायनशास्त्राचा विद्यार्थी, इथे मनापासून स्वागत आहे. बारावीपर्यंतचं रसायनशास्त्र आठवत असेल तर उत्तम, नसेल तरी अडणार नाही. गुणाकार-भागाकार मात्र यायला हवेत.

या विषयावरची पुस्तकं बहुतेक पाण्याने श्रीमंत असलेल्या देशांत लिहिली गेली. त्यांत पानोपानी एक सल्ला सहज येतो : थोडं पाणी काढून टाका आणि ताजं भरा. जर्मनी आणि ब्रिटनमधला दंडक पोहणाऱ्या दर माणशी ३० लिटर ताजं पाणी घालावं असं सांगतो. दिवसाला पाचशे माणसं पोहत असतील तर पंधरा हजार लिटर, म्हणजे रोज दीड टँकर. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या मराठवाड्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी न्यावं लागलं होतं. अशा मुलखात हा दंडक पाळा असं सांगायला जीभ रेटत नाही. म्हणून इथल्या तलावासाठी शॉकचं रसायन निवडताना ते काय मारतं हे दुसऱ्या क्रमांकावर ठेवावं आणि ते मागे काय ठेवून जातं हे पहिल्या क्रमांकावर, असं माझं मत आहे. मारण्याचं काम बहुतेक सगळीच रसायनं करतात. मागे राहिलेलं निस्तरायला मात्र पाणी लागतं, आणि तेच तर आपल्याकडे नसतं.

थोडा इतिहास, कारण तो सोलापूरकराला परका नाही. क्लोरीन हा वायू कार्ल शीले या रसायनज्ञाला १७७४ मध्ये सापडला, पण त्याला पहिलं काम मिळालं ते कापडाच्या धंद्यात. त्याआधी युरोपात सुताचं आणि लिननचं कापड पांढरं करायला ते आठवडेच्या आठवडे कुरणांवर उन्हात पसरून ठेवत. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने १७९९ मध्ये विरलेल्या चुन्यावर क्लोरीन सोडून कोरडी पूड तयार करण्याचं पेटंट घेतलं आणि ब्लीचिंग पावडर गिरण्यांत शिरली. सोलापूरच्या जुन्या मिलचं पहिलं सूत १८७७ च्या आसपास निघालं, पुढे चादर आणि टॉवेल यांनी गावाचं नाव केलं. सूत धुवून, ब्लीच करून मग रंगात टाकायचं हे इथल्या पद्मशाली घरांत पिढ्यान् पिढ्या मुरलेलं ज्ञान. त्याच समाजाच्या आराध्य ऋषींचं, मार्कंडेयांचं, नाव ज्या तलावाला आहे त्याच्या पाण्यातही तेच रसायन जातं, फक्त त्याला खायला सुताचा मळ नसतो, माणसाचा असतो.

कापडाकडून पाण्याकडे यायला शंभरहून जास्त वर्षं गेली. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइसने १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. शहराच्या पाण्याला कायमस्वरूपी क्लोरीन देण्याचा अमेरिकेतला पहिला मोठा प्रयोग १९०८ मध्ये जर्सी सिटीत झाला. त्यानंतर दोनेक वर्षांत अमेरिकेतल्याच ब्राउन विद्यापीठाच्या पोहण्याच्या तलावात ब्लीचिंग पावडर टाकून जंतू मोजले गेले. म्हणजे तलावाच्या पाण्याचं हे शास्त्र सव्वाशे वर्षांचंही नाही, आणि त्यातले काही प्रश्न अजून उघडे आहेत.

सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला शॉकची कल्पना खरं तर आधीपासून ठाऊक आहे, फक्त ती विहिरीच्या निमित्ताने. आषाढी जवळ आली, ज्ञानोबांची पालखी धर्मपुरीहून आणि तुकोबांची अकलूजकडून जिल्ह्यात शिरायची वेळ झाली, की पालखीमार्गावरच्या विहिरींत आणि टँकरांत आरोग्य खात्याची माणसं टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतात. गावचा जलसुरक्षक बादलीत पावडर कालवतो, निवळी विहिरीत सोडतो आणि मग क्लोरीन तपासणाऱ्या ओटी टेस्टच्या नळीत पाणी पिवळं होतंय का ते बघतो. वारीच्या वाटेवर पटकीने माणसं मेल्याचा इतिहास मागे असल्यामुळे हे काम कुणी हलक्यात घेत नाही. पण विहिरीची सवय तलावावर जशीच्या तशी आणली की घोटाळा होतो. विहिरीत झऱ्यातून नवं पाणी येत राहतं, उपसा होतो, आज टाकलेलं परवा निघून जातं. तलाव म्हणजे बंद हिशेबाची वही आहे. त्यात जे जमा झालं ते कुणीतरी खर्ची टाकेपर्यंत शिल्लकच राहतं.

तलावात क्लोरीन दोन रूपांत असतं. एक मोकळं, म्हणजे कामाला तयार असलेलं. दुसरं बांधलेलं, म्हणजे घाम, लघवी आणि त्वचेच्या कणांतल्या नायट्रोजनशी संयोग पावून क्लोरामाइन झालेलं. तलावावर जाताच नाकाला झोंबणारा जो वास लोक ‘क्लोरीन फार झालंय’ म्हणून ओळखतात तो मुख्यत्वे या क्लोरामाइनांचा. डोळे लाल होतात तेही बरेचसे त्यांच्यामुळे. म्हणजे वास आला की क्लोरीन बंद करा, हा तलावाच्या काठावर हमखास ऐकू येणारा सल्ला बहुतेक वेळा नेमका उलटा असतो. बांधलेलं क्लोरीन शक्य तितकं कमी, जमल्यास ०.२ पीपीएमच्या (एक पीपीएम म्हणजे हजार लिटरला एक ग्रॅम) आत असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत म्हटलं आहे. भारतीय मानक ब्युरोचंही तलावाच्या पाण्यासाठी वेगळं मानक आहे, आयएस ३३२८. ऑपरेटरच्या खोलीत त्याची प्रत असायला हवी.

मोकळ्या क्लोरीनमधलाही सगळा भाग सारखा जोरकस नसतो. खरा मारेकरी हायपोक्लोरस आम्ल. पीएच ७.२ असताना मोकळ्या क्लोरीनपैकी सुमारे दोन तृतीयांश या रूपात असतं, ७.५ ला निम्मं आणि ८ ला जेमतेम पाव. आपल्याकडच्या खडकाळ जमिनीतलं पाणी क्षारट आणि जड, पीएच वर चढवणारं. पीएच ८ वर ठेवून शॉक दिला तर चार रुपयांतले तीन रुपये वाया गेले असं समजा. शॉकच्या आधी आम्ल घालून पीएच ७.२ ते ७.४ वर आणणं ही या सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत स्वस्त पायरी, आणि नेमकी तीच वगळली जाते.

शॉक म्हणजे एरवीच्या डोसाच्या कितीतरी पट क्लोरीन एकाच वेळी देऊन क्लोरामाइन, शेवाळ आणि इतर सेंद्रिय मळ जाळून टाकणं. अमोनिया असलेल्या पाण्यात थोडं थोडं क्लोरीन वाढवत नेलं तर आधी क्लोरामाइन वाढतात, मग एका टप्प्यानंतर ती मोडू लागतात, आणि त्यापुढे घातलेलं क्लोरीन मोकळं राहतं. या वळणबिंदूला पोचायला अमोनियातल्या एक भाग नायट्रोजनला वजनाने साडेसात भाग क्लोरीन लागतं, व्यवहारात दहा धरतात. तलावावरचा ‘बांधलेल्याच्या दहापट’ हा ठोकताळा त्यातूनच आला. अर्धवट शॉक हा शॉक न देण्यापेक्षा वाईट असतो तो याच कारणाने : वळणापर्यंत न पोचता तुम्ही नुसती क्लोरामाइन वाढवून ठेवता.

इथे अभ्यासकांमध्ये एक मतभेद आहे. वळणबिंदूचं गणित अमोनियावर मांडलेलं आहे, पण पोहणाऱ्याच्या अंगातून जास्त येतो तो युरिया. तो क्लोरीनशी फार सावकाश भिडतो आणि एका रात्रीच्या शॉकने संपत नाही. काही सेंद्रिय क्लोरामाइन तर मोडतच नाहीत. म्हणून बंदिस्त तलावांत दर आठवड्याला सवयीने शॉक देण्याला ब्रिटनमधल्या तज्ज्ञांचा विरोध आहे. त्यांचा भर ताज्या पाण्यावर आणि पोहण्याआधीच्या आंघोळीवर. मला त्यांचं म्हणणं शास्त्र म्हणून पटतं. पण सोलापुरातले बहुतेक तलाव उघडे आहेत. इथलं ऊन आणि वारा क्लोरामाइनांचा बराच बंदोबस्त परस्पर करून टाकतात. आपला शॉक प्रामुख्याने शेवाळासाठी, धुळीसाठी आणि मे महिन्यातल्या वळवासाठी असतो. संध्याकाळी आभाळ भरून येतं, धुळीचं वादळ सुटतं, कडुनिंबाचा पाला आणि अर्ध्या मैदानाचा फुफाटा पाण्यात पडतो, वर दहा मिनिटांचा पाऊस. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाची काळी पट्टी दिसेनाशी झालेली असते. डायव्हरला खालचं पाणी दिसत नसेल आणि जीवरक्षकाला तळाशी पडलेलं मूल दिसणार नसेल, तर त्या दिवशी तलाव बंद ठेवणं हाच नियम. त्याला अपवाद नाही.

आंघोळीचं मात्र दोन्हीकडे सारखंच. डोक्याला चापून तेल लावून आलेलं पोर सरळ पाण्यात उडी मारतं आणि काठाच्या टाइलवर तेलाची चिकट रेघ उमटते. ते तेल जाळायला जेवढं क्लोरीन जातं तेवढं जंतूंसाठी उरत नाही. शॉवरचं एक मिनिट शॉकच्या पावडरीपेक्षा स्वस्त पडतं, पण नळाला पाणी नसेल तर शॉवर कुठला, हाही इथला खरा प्रश्न आहे.

आता रसायनांकडे येऊ, आणि वरच्याच तलावाचं उदाहरण चालू ठेवू. बांधलेलं क्लोरीन ०.६ पीपीएम आलं आहे, म्हणून ६ पीपीएमचा शॉक द्यायचा. म्हणजे हजार लिटरला सहा ग्रॅम, तेव्हा आपल्याला शुद्ध क्लोरीन लागणार सुमारे ३ किलो ३७५ ग्रॅम.

टीसीएल, म्हणजे साधी ब्लीचिंग पावडर, ताजी असेल तर तिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. म्हणजे दहा किलोहून थोडी जास्त लागेल. स्वस्त, गावोगाव मिळणारी, सगळ्यांच्या हातातली. तिची अडचण अशी की सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेलं पोतं महिन्या-दोन महिन्यांत निम्म्या ताकदीचं होऊन बसतं, आणि पोत्यावरचा आकडा तसाच राहतो. शिवाय तिच्यात चुना असतो. पावडर थेट तलावात टाकली तर पाणी दुधाळ होतं आणि तळाशी साका बसतो. म्हणून प्लास्टिकच्या पिंपात कालवायची, तासभर निवळू द्यायची, वरची निवळी घ्यायची आणि खालचा गाळ टाकायचा. गाळासकट ओतणारे ऑपरेटर पुढचे दोन दिवस फिल्टरचा बॅकवॉश करत बसतात, आणि बॅकवॉशमध्ये पाणी जातं ते वेगळंच.

कॅल्शियम हायपोक्लोराइट हे टीसीएलचंच सुधारलेलं रूप, ६५ ते ७० टक्क्यांचं. आपल्या हिशेबाला सव्वापाच किलो पुरेल. साका कमी, टिकाऊपणा जास्त, किंमतही जास्त. ते मागे कॅल्शियम ठेवतं, दर १० पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ७ पीपीएम कठीणपणा. जड पाण्यात हे नको असं पुस्तकं सांगतात. पण आकडे मांडून पाहिले तर वेगळंच दिसतं. उन्हाळ्यात रोज ८ मिलिमीटर पाणी उडून जातं असं धरलं तर या तलावातून दिवसाला अडीच हजार लिटर वाफ होते. वाफ कोरी जाते, क्षार मागे राहतात. ती तूट ५०० पीपीएम कठीणपणाच्या बोअरच्या पाण्याने भरून काढली तर तलावाचा कठीणपणा रोज दोनएक पीपीएमने चढतो. आठवड्याला एक शॉक चारेक पीपीएमची भर घालतो, तर बोअर पंधराची. तेव्हा टाइलवर पांढरा थर दिसला की हायपोक्लोराइटला दोष देण्याआधी बोअरच्या नळाकडे बघावं. तूट भरायला जमेल तेवढं नळाचं पाणी वापरावं.

सोडियम हायपोक्लोराइट, ज्याला सगळे नुसतं ‘हायपो’ म्हणतात, कॅनमध्ये द्रवरूपात मिळतं. १० टक्के ताकदीचं धरलं तर ३४ लिटरच्या आसपास लागेल. ते मागे ठेवतं थोडं मीठ, एवढंच. जागा जास्त खातं, वाहतूक नकोशी, आणि उन्हात ठेवलेला कॅन काही आठवड्यांतच निम्म्यावर येतो. तरी सावलीची थंड खोली असेल आणि पंधरवड्यापुरताच साठा घेण्याची शिस्त असेल, तर सोलापूरच्या उघड्या तलावाच्या शॉकसाठी माझी पहिली पसंती हायपोलाच.

उरली ती पाकिटबंद, सुबक दिसणारी रसायनं : डायक्लोर आणि ट्रायक्लोर. त्यांच्याविषयी मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण विक्रेता बहुधा त्यांचीच शिफारस करतो. डायक्लोर पटकन विरघळतं, पीएचला फारसा धक्का लावत नाही, साका नाही. ट्रायक्लोरच्या गोळ्या तर आठवडाभर सावकाश विरघळत राहतात. दोन्हींत क्लोरीनला धरून ठेवणारं सायन्युरिक आम्ल असतं, ज्याला तलाववाले ‘स्टॅबिलायझर’ म्हणतात. ते उपयोगी आहे यात वाद नाही. स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्यातलं मोकळं क्लोरीन भर उन्हात तासाभरात निम्म्याहून खाली येतं. ३० पीपीएमच्या आसपास स्टॅबिलायझर असेल तर ते दिवसभर तग धरतं.

पण क्लोरीन खर्च होतं आणि स्टॅबिलायझर होत नाही. ते उडून जात नाही आणि फिल्टरमध्येही अडकत नाही. डायक्लोरने १० पीपीएम क्लोरीन दिलं की ९ पीपीएम स्टॅबिलायझर कायमचं जमा होतं, ट्रायक्लोरने ६. आपल्या ६ पीपीएमच्या शॉकला डायक्लोर सहा किलो लागेल आणि दर खेपेला ५.४ पीपीएम स्टॅबिलायझर वाढेल. आठवड्याला एक असे वीस शॉक दिले की शंभरी पार. शंभराच्या वर गेलं की क्लोरीन असूनही निजलेलं राहतं. टेस्टमध्ये ३ पीपीएम दाखवतं आणि भिंतीवर शेवाळ वाढत असतं. मग ऑपरेटर आणखी पाकिटं टाकतो. यावर उपाय एकच, पाणी बदलणं. निम्मं काढलं तर निम्म्यावर येणार, म्हणजे अठ्ठावीस टँकर. शॉकसाठी डायक्लोर वापरताना पाकिटाच्या किमतीत हे टँकर धरायला हवेत, ते कुणी धरत नाही. हंगामाच्या सुरुवातीला एकदाच ३० पीपीएमइतकं सायन्युरिक आम्ल वेगळं घालावं आणि पुढचे सगळे शॉक हायपोने द्यावेत. ट्रायक्लोरच्या गोळ्या ऑपरेटर चार दिवस रजेवर जाणार असेल तेव्हापुरत्या ठीक.

क्लोरीन नसलेला शॉक म्हणून पोटॅशियम मोनोपरसल्फेट विकलं जातं. ते मळ जाळतं, पण जंतुनाशक म्हणून त्याच्यावर विसंबता येत नाही. शिवाय ते पाण्यात असताना घेतलेल्या चाचणीत बांधलेलं क्लोरीन खोटंच वाढलेलं दिसतं, आणि घाबरून माणूस पुन्हा शॉक देतो. मोरचुदाबद्दलही एक वाक्य : शेवाळ मारतं, पाणी छान निळं दिसतं, म्हणून आपल्याकडे ते फार लाडकं, पण तांबंही स्टॅबिलायझरसारखंच साठत जातं आणि भिंतीवर डाग पाडतं.

हे सगळं मोजमापाशिवाय बोलणं व्यर्थ. विहिरीवरची ओटी टेस्ट तलावावर का चालत नाही तेही समजून घ्या. ओटीचा पिवळा रंग मोकळ्या आणि बांधलेल्या, दोन्ही क्लोरीनने येतो. पहिल्या काही सेकंदांत दिसतो तो मोकळ्याचा, मग क्लोरामाइन हळूहळू रंग गडद करत जातात. आपल्याला तर दोन्हींतला फरकच हवा असतो. त्यासाठी डीपीडी चाचणी. काचेच्या छोट्या नळीत कोपरभर खोलीवरचं पाणी घ्यायचं, पृष्ठभागावरचं नाही. एक नंबरची गोळी बोट न लावता टाकायची, दांडीने चुरायची. गुलाबी रंग उमटतो, तो तक्त्याशी जुळवायचा. हे मोकळं क्लोरीन. त्याच नळीत तीन नंबरची गोळी टाकायची. रंग आणखी गडद झाला तर नवा आकडा एकूण क्लोरीनचा, आणि दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे बांधलेलं.

शॉक दिल्यानंतरच्या चाचणीत एक फसवणूक असते. क्लोरीन दहा पीपीएमच्या वर गेलं की ते डीपीडीचा गुलाबी रंगच उडवून टाकतं. गोळी पडते, क्षणभर गुलाबी झाक येते आणि पाणी पुन्हा कोरं. बघणाऱ्याला वाटतं क्लोरीन शून्य आहे, आणि तो आणखी पिंप ओततो. अशा वेळी एक भाग तलावाचं पाणी आणि नऊ भाग डिस्टिल्ड वॉटर मिसळून पुन्हा चाचणी घ्यायची आणि आकड्याला दहाने गुणायचं. स्टॅबिलायझरची चाचणी वेगळी : नमुन्यात रसायन घातलं की पाणी ढगाळ होतं, ते तळाला काळा ठिपका असलेल्या नळीत हळूहळू ओतत जायचं आणि ठिपका दिसेनासा होईल त्या खुणेवरचा आकडा वाचायचा. महिन्यातून एकदा पुरे.

शॉक द्यायचा तो शेवटची बॅच बाहेर पडल्यावर, सूर्य मावळल्यानंतर. दिवसा दिलेल्या क्लोरीनचा निम्मा घास ऊन घेतं. पंप रात्रभर चालू ठेवायचा, म्हणजे त्या रात्री लोडशेडिंग नाही ना हे आधी बघायचं. पाणी फिरलं नाही तर एका कोपऱ्यात वीस पीपीएम आणि दुसऱ्या कोपऱ्यात काहीच नाही. भिंतीवर शेवाळ असेल तर आधी ब्रशने खरवडून काढायचं, कारण क्लोरीन वरच्या थरावरच झुंजत राहतं आणि खालचं शेवाळ शाबूत राहतं. सकाळी मोजायचं. मोकळं क्लोरीन जागतिक आरोग्य संघटनेने सार्वजनिक तलावांसाठी सांगितलेल्या ३ पीपीएमपर्यंत उतरल्याशिवाय फाटक उघडायचं नाही, मग बाहेर पालकांनी कितीही गलका केला तरी.

तलावात एखाद्या मुलाने शौच केली तर ती बाब वेगळी. बांधीव शौच असेल तर ती काढून घ्यावी, मोकळं क्लोरीन २ पीपीएमवर आणि पीएच ७.५ च्या आत ठेवून अर्धा तास थांबावं, पुरतं. जुलाब असेल तर प्रश्न क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीचा. ई-कोलायसारखा जंतू नेहमीच्या क्लोरीनमध्ये मिनिटभरही टिकत नाही, हा मात्र आठवडाभर जगू शकतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा हिशेब असा : स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्यात २० पीपीएम क्लोरीन पावणेतेरा तास. स्टॅबिलायझर थोडं असेल तरी ही वेळ दुपटीहून जास्त होते, आणि त्याहून जास्त साठलेलं असेल तर हा उपाय करता येत नाही. डायक्लोरची किंमत इथेही अशी वसूल होते.

सुरक्षेचा भाग कुणीही वगळून पुढे जाऊ नये. टीसीएल किंवा हायपोमध्ये आम्ल मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. कॅल्शियम हायपोक्लोराइट आणि ट्रायक्लोर एकत्र आले, आणि त्यात थोडा ओलावा असला, तर आग लागू शकते किंवा स्फोट होऊ शकतो. दोन्हींना एकच मग वापरणं हे त्याचं नेहमीचं कारण. आधी पाणी घ्यायचं, मग त्यात पावडर. पावडरीवर पाणी ओतायचं नाही. वायूच्या सिलिंडरवर चालणाऱ्या तलावांची जोखीम त्याहून मोठी. जानेवारी २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या कासारवाडीच्या महापालिका तलावावर क्लोरीनची गळती झाली आणि पोहायला आलेल्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. रसायनांच्या खोलीला खाली जाळीची खिडकी हवी, कारण क्लोरीन हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो. आपल्याकडे खोलीला झरोका असतो तो छताजवळ.

शेवटी बॅकवॉशच्या पाण्याबद्दल, कारण त्यावर आपल्याकडे जवळजवळ काहीच लिहिलं गेलेलं नाही. दर खेपेला हजारो लिटर पाणी गटारात जातं. ते उघड्या हौदात घेऊन दोन दिवस उन्हात ठेवलं तर स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्यातलं क्लोरीन जवळपास संपतं, डीपीडीची गोळी रंग देत नाही. ते गाळ बसल्यावर आवारातल्या कडुनिंबाला, करंजाला देता येतं. मात्र शॉकनंतरच्या चोवीस तासांत केलेला बॅकवॉश झाडांकडे सोडू नये, आणि कुठल्याही तलावाकडे किंवा ओढ्याकडे तर मुळीच नाही, मासे फार थोड्या क्लोरीनलाही मरतात. क्षारट जमिनीत असं पाणी वर्षानुवर्षं देत राहिल्यावर मुळांशी किती मीठ साठतं, हे मोजण्याचं काम सोलापुरातल्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रकल्प म्हणून हाती घ्यावं. त्यासाठी लागतो एक टीडीएस मीटर, मातीच्या नमुन्यांचे डबे आणि दोन उन्हाळे.